शेवटचा हात कुणाचा?

(बोईसर येथे महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



11 जानेवारी 2020 ची संध्याकाळ तुम्ही विसरलेल्या नाहीत. तारापूर एमआयडीसीत, कोलवड्याला, रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला. माणसे गेली, आसपासच्या गावांतल्या घरांच्या काचा फुटल्या. स्फोटक माल कुंपणाच्या आत राहत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणूनच विदर्भातली एक घटना आज तुमच्यापुढे ठेवते. ती लष्कराच्या दारूगोळ्याची आहे, पण प्रश्न आपल्याच घरचा आहे.

वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे मोठे दारूगोळा भांडार आहे. 31 मे 2016 च्या पहाटे तिथे आग लागली. दोन अधिकारी आणि आग विझवायला धावलेले अनेक जण त्यात गेले. पुढे 20 नोव्हेंबर 2018 रोजी, त्याच भागात सोनेगाव (आबाजी) जवळच्या मैदानावर, जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम होते. माल जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीचा होता. पेट्या उतरवतानाच स्फोट झाला. सहा जण मरण पावले. त्यांत निर्माणीचा एक कर्मचारी होता. बाकीच्यांत जवळपासच्या खेड्यांतले, कंत्राटदाराने आणलेले मजूर होते.

हा माल नष्ट का करावा लागतो? तोफगोळा कोठारात नुसता पडून राहिला तरी आतली दारू हळूहळू कुजते. ती स्थिर राहावी म्हणून घातलेले द्रव्य वर्षांगणिक संपत जाते, उष्णता साठते, आणि एखादे दिवशी ती आपोआप पेट घेऊ शकते. म्हणजे ठेवणेही धोक्याचे आणि हलवणेही धोक्याचे. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे खड्डा खणायचा, गोळे मांडायचे, वर माती आणि वाळूच्या गोण्या टाकायच्या आणि लांबून उडवायचे. सगळे गोळे फुटतात असे नाही. न फुटलेला गोळा मातीत राहतो आणि स्फोटकांचे अंश पाण्यात उतरू शकतात. दुसरे मार्ग आहेत: बंद पोलादी कोठडीत स्फोट करणे, दारू वेगळी काढून धूर गाळणाऱ्या भट्टीत जाळणे. त्यांना पैसा लागतो. खड्डा खणायला मात्र मजूर पुरतो.

बायांनो, मुद्दा इथेच आहे. गोळा बनवताना तज्ज्ञ असतो, तपासनीस असतो, शिक्का असतो. त्याची विल्हेवाट लावताना शेवटचा हात असतो रोजंदारीवरच्या माणसाचा. पेटीत काय आहे हे त्याला कुणी समजावून सांगितलेले नसते. तो गेला की त्याची बायको दारोदार फिरते. कंत्राटदार म्हणतो, तो माझ्या हजेरीपटावर नव्हता. वरचे म्हणतात, कंत्राटदाराला विचारा. खरे तर मजूर कंत्राटी असला तरी मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही, हे तत्त्व 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून चालत आले आहे. पण हजेरीपटावर नावच नसेल तर ते तत्त्व तिच्या कामाला कसे यावे?

आणि मैदानावरचे भंगार? पितळ आणि तांबे विकून चार पैसे मिळतात, म्हणून अशा मैदानांजवळची गरीब माणसे धातूचे तुकडे वेचायला जातात. ‘लोक ऐकत नाहीत’ असे म्हणून साहेब मोकळे होतात. चूल पेटत नसेल तर फलक कोण वाचणार?

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. अशा कामावरच्या प्रत्येकाचे नाव आधी पटावर लिहा आणि त्याची प्रत घरी द्या. धोका त्याच्या भाषेत सांगा, शिकवल्याशिवाय हात लावू देऊ नका. गावाला तारीख आणि वेळ आधी कळवा. नंतर मैदान पूर्ण तपासा, विहिरींचे पाणी तपासा आणि निकाल ग्रामसभेत वाचून दाखवा. लष्करी गुपिताचा प्रश्न इथे येत नाही. मजुराचे नाव हे कसले गुपित?

आता आपल्या दाराशी पाहा. रसायनाची रिकामी पिंपे कोण धुते? कारखान्यातला गाळ कोण उपसतो? त्यांची नावे कुठे लिहिलेली आहेत? उद्यापासून आपापल्या वस्तीत हे विचारायला सुरुवात करू या. अपघातानंतर पुरावा शोधत फिरण्यापेक्षा आजच वहीत नाव लिहून घेणे सोपे आहे. ती वही आपणच ठेवू.