आवरलेला गंज

आमच्या धाड भागात एखाद्या घरी आजोबांच्या काळची ठासणीची बंदूक असते. 1959 च्या शस्त्र कायद्याने तिलाही परवाना लागतो. खंडेनवमी आली की पॉलिश पेपरने घासून तिची नळी चकचकीत केली जाते. ते पाहून मला हळहळ वाटते. नळीवरचा तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे. कारागिराने मुद्दाम चढवलेला गंज आहे तो.

रंग पार गेलाच असेल, तर पुन्हा चढवता येतो. आधी गज घालून नळी रिकामी असल्याची खात्री करावी, तोंडाला लाकडी बूच मारावं. सोड्याने तेलकटपणा काढून मिठाच्या पाण्याचा पुसट हात द्यावा. वैशाखाच्या कोरड्या हवेत गंज धरत नाही. श्रावणात लवकर धरतो. मऊ तारेच्या ब्रशने सुटा गंज झाडावा, चिकटलेला राहू द्यावा. असे बरेच हात झाले की रंग एकसारखा होतो. उकळत्या पाण्यात नळी ठेवली, तर तोच रंग काळा पडतो. शेवटी सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून जवसाचं तेल चोळावं.

मोकाट गंज लोखंड खातो. आवरलेला गंज तेल धरून ते राखतो. येत्या नवमीला तेलाची चिंधी पुरे.