जाणणे : एका धातूचा प्रवास

(अलोरे, ता. चिपळूण येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



कोयनेचे पाणी आपल्या परिचयाचे आहे. त्यातील काही पूर्वेकडे कऱ्हाडला कृष्णेस मिळते. काही बोगद्यांतून सह्याद्री उतरून, पोफळी-अलोऱ्यात वीज देऊन वाशिष्ठीत जाते. उगम एक, पण वाशिष्ठी कृष्णेची कन्या नव्हे. भाषांचेही असेच आहे.

‘जाणणे’ हा आपला नित्याचा शब्द. संस्कृत ‘ज्ञा’ धातूचे ‘जानाति’, प्राकृतात ‘जाणइ’, मराठीत ‘जाणतो’. आता रशियन पाहा : ‘ज्नात्’ म्हणजे जाणणे. झेक, पोलिश, सर्बियन भाषांतही हाच धातू आहे. स्लाव भाषांचे लेखन नवव्या शतकात सुरू झाले. त्यापूर्वीचे ‘ज्नाति’ हे मूळ रूप कोठेही लिहिलेले नाही. विद्वानांनी ते तुलनेने सिद्ध केले आहे. म्हणून त्यापुढे तारका घालतात. रशियन ‘ज्नाक’ म्हणजे खूण आणि ‘ज्नाम्या’ म्हणजे ध्वज हेही त्याच कुळातले. ज्यावरून ओळखावे ते चिन्ह! शकुंतलेची मुद्रिका ‘अभिज्ञान’ ठरली, ती याच अर्थाने.

हे ऐकून कोणी म्हणेल, ‘म्हणजे रशियन संस्कृतातून निघाली!’ हा मोह आपण आवरला पाहिजे. ग्रीकमध्ये याच धातूच्या आरंभी ‘ग’ आहे. संस्कृतातील ‘ज’ आणि स्लाव भाषांतील ‘झ’सदृश ध्वनी ही दोन्ही अधिक प्राचीन ध्वनीची रूपांतरे होत. म्हणजे संस्कृत या भाषांची जननी नव्हे, वडील बहीण आहे. यात उणेपणा कसला? धातू आणि प्रत्यय वेगळे काढण्याची दृष्टी पाणिनीच्या परंपरेने दिली. संस्कृताचा परिचय झाल्यावरच फ्रान्झ बॉप यांनी 1816 मध्ये तुलनात्मक व्याकरणाचा पाया घातला. एवढे खरे वैभव असताना खोट्या दागिन्यांची गरज काय?

आणखी एक गंमत. ‘न जाणणारा’ तो ‘नेणता’. फारसीतून आलेला ‘नादान’ही तसाच : ‘ना’ म्हणजे नकार, ‘दान’ म्हणजे जाणणारा, आणि हा ‘दान’ही ‘ज्ञा’चाच भाऊ! ज्याला आपण परका शब्द म्हणतो, तो दूरचा नातलग निघतो.

मात्र ‘नेणता’, ‘नेणीव’ हे शब्द आज आपल्याच घरांतून नाहीसे होत आहेत. हजारो वर्षे टिकलेला धातू आपल्या पिढीत मुका होऊ नये. मुलांशी बोलताना हे शब्द वापरावेत आणि अभिमान बाळगण्यापूर्वी नीट जाणून घ्यावे, एवढीच विनंती.