जुन्या पिकअपचे अ‍ॅव्हरेज

मीरा रोडच्या नया नगरातून वाशीच्या घाऊक बाजाराला जाणाऱ्या पिकअपला जवळपास 40 किलोमीटर कापावे लागतात. काशिमिरा, घोडबंदर रोड, गायमुखचा घाट, ठाणे, ऐरोली. आणि वाटेत कुठेतरी रांग ठरलेलीच. गाडी बारा-पंधरा वर्षांची झाली की मालक म्हणतो, आता पूर्वीचे अ‍ॅव्हरेज मिळत नाही. लगेच इंजिन उघडायची भाषा सुरू होते. ती घाई महागात पडते.

आधी मोजावे. टाकी काठोकाठ भरून किलोमीटर टिपायचे, चार दिवस नेहमीच्या फेऱ्या करायच्या आणि त्याच पंपावर टाकी पुन्हा भरायची. धावलेल्या किलोमीटरना या खेपेच्या लिटरने भागले की खरा आकडा मिळतो. रोज 60 किलोमीटर धावणारी गाडी लिटरला 12 ऐवजी 14 देऊ लागली, तर 26 दिवसांत साडेअठरा लिटर डिझेल वाचते. भाव 90 रुपये धरला तर सुमारे 1,670 रुपये. एका गाडीवर घर चालवणाऱ्याला ही रक्कम लहान नाही.

मग चाके. फेरीहून परतल्यावर प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात न्यावा. एकच चाक फार तापलेले असेल, तर तिथला ब्रेक धरून राहतो आहे आणि इंजिन दिवसभर त्याच्याशी झुंजते आहे. हवा टायर थंड असताना, सकाळीच तपासावी.

जुन्या गाड्यांत आणखी एक गोष्ट हमखास आढळते. गाडी तापते म्हणून कुणीतरी कधीतरी थर्मोस्टॅटच काढून टाकलेला असतो. मूळ दुखणे चोंदलेल्या रेडिएटरचे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन हवे तितके गरम व्हायला फार वेळ घेते, छोट्या फेऱ्यांत तर होतच नाही, आणि थंड इंजिन जास्त डिझेल पिते. रेडिएटर साफ करून हा स्वस्त भाग परत बसवावा.

गायमुखच्या उतारावर न्यूट्रल टाकणे घातक तर आहेच, त्यात बचतही नाही. गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की पंप डिझेल जवळपास तोडतो; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतेच.

केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयाची पीसीआरए ही संस्था 1978 पासून इंधनबचतीचे काम करते. तिचा सल्ला ताशी 45 ते 55 किलोमीटरचा. वेग 60 वरून 80 वर गेला की वाऱ्याचा विरोध पावणेदोन पटींहून अधिक होतो, आणि पिकअपचा चौकोनी हौदा तो पुरेपूर झेलतो.

काळा धूर येत असेल, तर आधी एअर फिल्टर उजेडासमोर धरून पाहावा. तो बदलूनही धूर राहिला, तरच नोझल तपासायला द्यावेत. गाडी परत आली की टाकी पुन्हा काठोकाठ भरून वहीत नवा आकडा लिहावा.