अंघोळीआधीची अंघोळ
(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)

मंडळी, गरम पाण्याचे झरे आपल्याला नवे नाहीत. वज्रेश्वरीला तुमच्यापैकी कितीतरी जण जाऊन आले असतील. कोकणात उन्हवरे आहे, खानदेशात उनपदेव आहे. आज मी अशाच एका पाण्याची, पण लांबची हकीकत सांगणार आहे. ती आहे जपान देशातली.

जपानी लोक अशा झऱ्याला ‘ओन्सेन’ म्हणतात. त्यावर तिथे १९४८ सालचा कायदाच आहे. जमिनीतून निघताना पाणी निदान २५ अंश गरम असावं, नाहीतर त्यात ठरलेले क्षार असावेत, तरच त्याला ओन्सेन म्हणायचं. आता २५ अंश म्हणजे काही फार नाही. वैशाखात आपल्या छपरावरच्या टाकीतलं पाणीसुद्धा पास होईल! पण ते जमिनीतून यायला हवं ना.

मी गेलो होतो दोगोला. शिकोकु नावाचं बेट आहे, त्यावर मात्सुयामा शहर आहे. दोगो त्या शहरातच येतं. एका बगळ्याचा पाय दुखावला होता, तो या पाण्यात उभा राहून बरा झाला, अशी तिथली दंतकथा. स्नानगृहाची मोठी इमारत लाकडाची, तीन मजली. ती १८९४ साली बांधली. २०१९ पासून दुरुस्ती चालली होती, पण न्हाणं एकदम बंद ठेवलं नाही. एक भाग उघडा ठेवून दुसऱ्या भागाचं काम केलं. २०२४ साली सगळी इमारत पुन्हा खुली झाली. सकाळी सहाला माडीवर ढोल वाजतो आणि दार उघडतं.

दाराशी जोडे काढायचे. पैसे भरायचे. पुढे पुरुषांचा दरवाजा वेगळा, बायकांचा वेगळा. आत कपडे ठेवायला कप्पे असतात. सगळे कपडे काढायचे. हो, सगळे! लंगोटसुद्धा चालत नाही. आपल्या माणसाला इथंच घाम फुटतो. पण कोणी कोणाकडे बघत नाही. शेजारी म्हातारा बसलेला असतो, पलीकडे शाळेतलं पोर असतं, बाप लेकाची पाठ चोळत असतो. थोड्या वेळाने आपली लाज आपणच विसरतो.

आता मुख्य गोष्ट. कुंड समोर असतं, वाफ निघत असते, पाय ओढ घेतात. पण थांबायचं. भिंतीला नळ असतात. समोर बुटकं स्टूल आणि घमेलं असतं. बसून साबणाने सगळं अंग घासायचं. मग अंगावर फेसाचा थेंब राहणार नाही असं धुऊन काढायचं. स्टूलही धुऊन ठेवायचं, कारण पुढचा माणूस त्यावर बसणार. एवढं झालं की मग कुंडात उतरायचं. म्हणजे मळ काढायला ते कुंड नाहीच. मळ बाहेर काढायचा, आत नुसतं बसायचं. लहान टॉवेलही पाण्यात बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर ठेवायचा. लांब केस वर बांधायचे. पोहायचं नाही, ओरडायचं नाही.

का, ते बघा. पाणी सगळ्यांचं एकच असतं. दोगोत वेगवेगळ्या झऱ्यांचं पाणी मिसळून ते सुमारे ४२ अंशांवर आणतात. एकाने घाण केली तर ती पुढच्या सगळ्यांच्या अंगाला. पिण्याच्या विहिरीत पाय धुणाऱ्याला गाव काय म्हणेल? तसंच हे.

एक सावधगिरी सांगतो. ४२ अंश म्हणजे चांगलंच कढत. त्याने शिरा रुंदावतात, रक्ताचा दाब उतरतो. झटकन उठलात तर डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून थोडाच वेळ बसायचं, सावकाश उठायचं, वर पाणी प्यायचं. दारू पिऊन तर उतरूच नये. हृदयाचं दुखणं असेल त्याने आधी डॉक्टरला विचारावं.

पण त्या पाण्यातही माणसामाणसांत भेद होताच. जुन्या काळी दोगोत सरदारांचं कुंड वेगळं होतं, सामान्यांचं वेगळं होतं. आणि हे सगळं फक्त जुनं नाही.

उत्तरेला ओतारू नावाचं बंदर आहे. तिथे रशियन बोटींवरचे खलाशी येत. ते पिऊन येतात, फेसासकट कुंडात उतरतात, अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती. तक्रार खरी असेल. पण एका स्नानगृहाने काय केलं? ‘फक्त जपानी लोकांसाठी’ अशी पाटीच लावली. अमेरिकेत जन्मलेला एक गृहस्थ २००० साली जपानचा नागरिक झाला होता. तो कागद घेऊन गेला. कागद मान्य, पण तुम्ही जपानी दिसत नाही, बाकीची गिऱ्हाइकं बिचकतील, असं सांगून त्याला परत पाठवलं! त्याने आणि आणखी दोघांनी दावा लावला. २००२ साली साप्पोरोच्या कोर्टाने दिलेला निकाल त्यांच्या बाजूने लागला. प्रत्येकाला दहा लाख येन भरपाई मिळाली. मात्र शहराच्या पालिकेला कोर्टाने जबाबदार धरलं नाही.

नियम मोडणाऱ्याला बाहेर काढा, त्याला माझी ना नाही. चेहरा बघून दार लावलं तर साबण लावून तरी काय उपयोग?

गोंदलेल्या माणसाला आजही बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत. तिकडच्या गुंडांच्या टोळ्या अंगभर गोंदवतात, म्हणून ती भीती. २०१३ साली न्यूझीलंडच्या माओरी समाजातली एक बाई होक्काइदोत गेली होती. तिच्या चेहऱ्यावर तिच्या समाजाचं गोंदण होतं. तिला नकार मिळाला. आपल्या आज्यांच्या हातावर, कपाळावर गोंदण असतंच की. त्यांनी काय करायचं? काही ठिकाणी आता लहान गोंदणावर पट्टी चिकटवली की आत सोडतात.

आणि परक्या माणसाला रीत कळावी म्हणून बऱ्याच स्नानगृहांत भिंतीवर चित्रांचा तक्ता लावलेला असतो. अक्षर न येणाऱ्यालाही तो कळतो. स्टुलावर बसून अंग धुणारा माणूस त्यात काढलेला असतो. कुंडात बसलेला माणूस त्याच्या नंतर येतो.