गाण्यावर गुन्हा
(जामनेर येथील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



2023 च्या मार्चअखेर राज मुंगसे या छत्रपती संभाजीनगरच्या तरुणाचे रॅप गाणे महाराष्ट्रभर गाजले. त्यात नाव कोणाचेच नव्हते. ‘पन्नास खोके’ एवढी खूण मात्र होती. तेवढ्यावरून सत्ताधाऱ्यांच्या युवा शाखेने तक्रार केली आणि एप्रिलमध्ये अंबरनाथला गुन्हा नोंदला गेला. त्याच महिन्यात उमेश खाडे यांच्या गाण्यावर मुंबईत वडाळ्याला तेच घडले. नाव न घेता टोपी नेमकी डोक्यावर बसली!

अर्थशास्त्राच्या भाषेत, अशा गाण्याचा उत्पादनखर्च नगण्य असतो. 1973 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये हिपहॉप जन्मले, तेही तुटपुंज्या साधनांवरच. महाग असते ती गाण्यानंतरची जोखीम. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या 1944 च्या लाल बावटा कलापथकामागे कामगारांची चळवळ उभी होती. मुंगसेंना विरोधी नेत्यांचा पाठिंबा मिळाला. परंतु ते गाणे त्यांच्याही सोयीचे होते.

उद्या जामनेरचा एखादा पोरगा कापसाच्या भावावर, कोणत्याच पक्षाला न रुचणारे, आपल्या बोलीतले गाणे रचील. ऐकणारे लाखो मिळतील. त्याला जामीन राहणारे आपल्यापैकी किती?