रविवारच्या वर्गाला माणसे हवीत



 ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांचे सारे आयुष्य मुलांमध्ये गेले. म्हणून साहित्यावर बोलण्याचा माझा नेहमीचा शिरस्ता आज बाजूला ठेवतो. मुलांसाठी विनामोबदला काम करणारी माणसे कशी मिळतात, याविषयी बोलावे असे मी ठरविले आहे. उदाहरण घेणार आहे ते चर्चमधील मुलांच्या वर्गाचे, म्हणजे संडे स्कूलचे. त्या वर्गात मी शिकलो आणि पुढे काही वर्षे शिकविलेही. श्रोत्यांत सर्व धर्मांची मंडळी आहेत. परंतु संस्कारवर्ग, वाचनालय किंवा बालवाडी चालविणाऱ्या कोणालाही हा प्रश्न परका वाटणार नाही.

आपला चिटगुप्पा म्हणजे एकेकाळचा निजामी राजवटीतील पायगा जहागिरीचा गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखात गेले आणि आपण कानडी मुलखात राहिलो. त्यामुळे येथील पुष्कळ मुले घरी मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी बोलतात. बिदर-कलबुर्गी भागातील ख्रिस्ती मंडळ्यांतही हीच बहुभाषिकता आहे. अशा मुलांपुढे उभा राहणारा शिक्षक मिळणे आधीच कठीण. त्यातच शिकलेली तरुण पिढी हैदराबाद, पुणे, बंगळूर येथे जाते. वर्ग भरवायला खोली असते, मुले असतात, चटई असते. नसतो तो माणूस.

हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स या पत्रकाराने १७८० मध्ये रविवारच्या शाळा सुरू केल्या. कामावर जाणाऱ्या गरीब मुलांना तेवढाच एक दिवस मोकळा असे. रेक्सने शिकविण्यासाठी स्त्रिया नेमल्या आणि त्यांना दर रविवारी एक शिलिंग वेतन दिले. शाळा वाढल्या, तसा हा खर्च परवडेना आणि वेतनाशिवाय शिकविणारे पुढे आले. म्हणजे आज ज्याला आपण स्वयंसेवक म्हणतो, तो या चळवळीत मागाहून आला. भारतात १८७६ साली इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली आणि अनेक भाषांतील वर्गांना एक सूत्र मिळाले.

आपल्या मुलखात माणसे कशी उभी राहिली, हे पाहायचे तर पंडिता रमाबाईंकडे जावे लागते. रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला, आणि त्यांची कर्मभूमी महाराष्ट्र. आपण सीमेवरची माणसे त्यांना दोन्ही बाजूंनी आपल्या म्हणू शकतो. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढे ते पुण्याला नेले. १८९६ साली लोणावळ्याच्या एका धार्मिक मेळाव्यात, ख्रिस्ताकडे वळलेल्या पंधरा मुलींबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले आणि या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे सव्वादोनशे मुली मिळाव्यात, अशी प्रार्थना केली. त्यानंतर मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले.

आता व्यवहाराचा विचार करा. एवढ्या मुलींना न्हाऊ घालणे, जेवू घालणे, अक्षर शिकविणे, रात्री उशाशी बसणे हे एका बाईचे काम नव्हे. परदेशी व देशी सहकारी होतेच. पण मोठा भार उचलला तो आधी आलेल्या मुलींनी. जिला काल कोणी हात दिला होता, तीच आज नव्या मुलीचा हात धरू लागली. मला वाटते, स्वयंसेवक घडण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत खात्रीची रीत हीच आहे. आज वर्गात बसलेले दहा-बारा वर्षांचे मूल हेच उद्याचे शिक्षक. त्याला चटया घालणे, हजेरी मांडणे, धाकट्यांना गाणे शिकविणे अशी कामे आजच द्यावी लागतात.

मुक्तीतील दुसरी घटना १९०५ सालची. त्या वर्षाच्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना रोज आपल्याबरोबर प्रार्थनेस बसण्याचे आवाहन केले. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. मग, शिक्षण बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला कोण जाईल, असे त्यांनी विचारले, तेव्हा तीस तरुणी तयार झाल्या. या मागणीचे स्वरूप पाहा. काम नेमके होते. मागणारी बाई स्वतः त्या कामात अगोदर बसलेली होती. आणि पहिली मागणी लहान होती; मोठी मागणी तिच्या मागून आली.

आपल्या भागाशीही या घराण्याचा संबंध आहे. १९१२ च्या सुमारास रमाबाईंनी गुलबर्ग्यास शाळा काढली आणि तिची धुरा आपली कन्या मनोरमा हिच्यावर सोपविली. आईने मुलीला दूरच्या, मागासलेल्या जिल्ह्यात पाठविले. दुसऱ्यांच्या मुलांना हाक देणाऱ्याने आपले मूल घरी राखून ठेवू नये, हे तिने बोलून दाखविले नाही, करून दाखविले.

आता माझ्या पाहण्यातील एक गोष्ट सांगतो. आमच्या बाजूच्या एका मंडळीत मुलांच्या वर्गासाठी शिक्षक हवे होते. पाळकसाहेबांनी लागोपाठ तीन रविवार उपासनेत जाहीर केले. एकही हात वर झाला नाही. प्रत्येकाला वाटले, दुसरा कोणी उठेल. तेव्हा वर्ग चालविणाऱ्या वृद्ध बाई एका संध्याकाळी कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलाच्या घरी गेल्या. तो हार्मोनियम वाजवीत असे. तो म्हणाला, “बाई, मला शास्त्र शिकवता यायचं नाही.” बाई म्हणाल्या, “शिकवायला कोण सांगतंय बाळा? तू नुसती पेटी वाजव. चार रविवार. मग तू मोकळा.” चार रविवारांचे पुढे सात वर्षे झाली. व्यासपीठावरून साऱ्या मंडळीला मारलेल्या हाकेने जे झाले नाही, ते उंबरठ्यावर एका माणसाला त्याच्या नावाने मारलेल्या हाकेने झाले.

या गोष्टीचा उत्तरार्ध सांगताना मात्र मला संकोच होतो. कारण त्या मंडळीत मीही होतो. “बाई आहेत ना” असे म्हणून आम्ही सारे निर्धास्त राहिलो. खडू संपला तर बाई आणीत. नाताळच्या नाटुकल्याचे कपडे बाई शिवीत. त्या आजारी आहेत काय, थकल्या आहेत काय, हे कोणी विचारले नाही. एके दिवशी त्या अंथरुणाला खिळल्या. तोवर पेटीवाला मुलगाही परगावी गेला होता. वर्ग दीड वर्ष बंद पडला. त्या दीड वर्षात जी मुले तुटली, त्यांतील पुष्कळ पुन्हा आली नाहीत. नवे माणूस मिळविण्याची चिंता आपण करतो. मिळालेले माणूस सांभाळण्याची करीत नाही. त्याला महिन्यातून एक रविवार सुटी द्यावी, जोडीला दुसरा द्यावा, वर्षअखेरीस चार लोकांत त्याचे नाव घ्यावे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

पुष्कळांचा नकार आळसामुळे नसतो, भीतीमुळे असतो. “आम्हांला येत नाही,” असे ते म्हणतात. येथे पुन्हा रमाबाई आठवतात. बायबलचे उपलब्ध मराठी भाषांतर खेड्यातील अल्पशिक्षित बाईला जड जाते, हे पाहून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सोप्या मराठीत नवे भाषांतर केले. त्याच्या छपाईचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले. रमाबाई १९२२ साली निवर्तल्या आणि ग्रंथ त्यांच्यामागे १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाला. माणसे कमी पडतात असे म्हणण्यापूर्वी आपण काम सोपे केले आहे काय, हे पाहावे. नव्या शिक्षकाच्या हाती आठवडाभर आधी साध्या भाषेतील एक पान द्यावे. त्यात एक गोष्ट, एक गाणे आणि मुलांना विचारावयाचे तीन प्रश्न असावेत. महिनाभर त्याने जुन्या शिक्षकाशेजारी बसावे. आपल्या गावात तर मराठी आणि कन्नड जाणणाऱ्या दोघांची जोडी एकत्र बसविणेच शहाणपणाचे.

एक सावधगिरीची गोष्ट. माणूस हवा म्हणून कोणीही चालेल, असे नाही. मुलांचे लैंगिक शोषणापासून संरक्षण करणारा पोक्सो कायदा २०१२ साली आला. असा गुन्हा घडल्याचे कळूनही न कळविणे हादेखील त्या कायद्याने अपराध ठरविला आहे. मुलांच्या वर्गात दोन प्रौढ माणसे असावीत, दार उघडे असावे, आणि नव्या माणसाची चौकशी केल्याखेरीज त्याच्या हाती मुले देऊ नयेत. यात कोणाचा अपमान नाही. सज्जन माणूस असल्या नियमांनी दुखावत नाही.

हे केवळ एका धर्माचे शहाणपण नव्हे. १९५० साली साने गुरुजी गेले. त्यांच्यामागे प्रकाशभाई मोहाडीकरांनी कथामाला सुरू केली. मुलांना गोष्ट सांगणे एवढेच साधे काम, आणि ते अनेक शिक्षकांनी शाळा सुटल्यावर आनंदाने केले. काम लहान, स्पष्ट आणि आवडीचे असले की माणसे येतात.

माजी विद्यार्थ्यांनो, आपण दिवाळीला, नाताळला, उन्हाळ्यात गावी येता. कोणी तुमच्या दारी येईल याची वाट पाहू नका. आपल्या चर्चमध्ये, देवळात, मशिदीत, वाचनालयात जो कोणी मुलांना घेऊन बसला असेल, त्याच्याकडे जा आणि विचारा, “मी काय करू?” आणि जे येथेच राहतात, त्यांना मी एवढेच सांगेन की येत्या रविवारी सर्वांसमोर जाहीर करू नका; एका माणसाच्या घरी जा. चार रविवार मागा.

गुरुजींनीही या शाळेसाठी माणसे अशीच मागितली असतील, असे मला वाटते.