गुन्हेगार सापडल्यानंतरची पाने



जुन्या, खऱ्याखुऱ्या खुनांची हकिगत कादंबरीसारखी रंगवून सांगणारी पुस्तकं मला आवडतात. घरची माणसं विचारतात, खुनी कोण हे तर कधीच कळून चुकलंय, मग वाचायचं काय त्यात? प्रश्न रास्त आहे. डेव्हिड ग्रॅन यांच्या ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ या २०१७ च्या पुस्तकावरून त्याचं उत्तर देऊन पाहतो.

हकिगत अमेरिकेतल्या ओक्लाहोमाची. ओसेज या आदिवासी जमातीला कॅन्ससमधून हुसकावलं गेलं, तेव्हा त्यांनी मुद्दाम खडकाळ जमीन विकत घेतली. गोऱ्यांना हिचा मोह पडणार नाही, असा हिशेब. नेमकं तिथंच तेल लागलं! १९०६ साली जमिनीची वाटणी झाली, पण खनिजांचा हक्क जमातीने सामाईक ठेवला होता. त्यामुळे नोंद झालेल्या प्रत्येक ओसेजाला तेलाच्या उत्पन्नात हिस्सा मिळू लागला. हा हिस्सा विकता येत नसे, फक्त वारसाहक्काने मिळे. पुढच्या खुनांचं मूळ या एका कलमात आहे. त्यातच सरकारने अनेक ओसेजांना व्यवहाराला अपात्र ठरवून त्यांच्या डोक्यावर गोरे पालक बसवले. स्वतःच्याच पैशातून टूथपेस्ट घ्यायची, तरी या पालकाची नजर.

मॉली बर्कहार्ट ही त्यांच्यातलीच एक. तिची बहीण मिनी १९१८ मध्ये झिजून झिजून गेली. मे १९२१ मध्ये दुसरी बहीण ॲना एका घळीत सापडली, डोक्यात गोळी. पाठोपाठ दोन महिन्यांत आई गेली. मार्च १९२३ मध्ये तिसरी बहीण रीटा हिचं घर स्फोटाने उडवलं गेलं, त्यात रीटा, तिचा नवरा आणि घरकाम करणारी मुलगी, तिघंही गेली. हिस्से एकेक करत मॉलीकडे येत होते, आणि मॉलीचा नवरा अर्नेस्ट गोरा होता. त्याचा मामा विल्यम हेल गावातलं बडं प्रस्थ, ओसेजांचा कैवारी म्हणून मिरवणारा. १९२५ मध्ये टॉम व्हाइट हा अधिकारी तपासाला आला आणि त्याने या मामाभाच्यांना पकडलं. दोघांना जन्मठेप झाली.

तपास ज्या खात्याने केला, तेच पुढे एफबीआय झालं. त्याचे प्रमुख हूव्हर यांनी या यशाचा भरपूर गाजावाजा केला. १९३२ मध्ये तर या खुनांचं रेडिओवर नाट्यरूपांतर झालं, सिगारेटच्या जाहिरातीसकट! मी ज्या माध्यमातून बोलतोय, त्यानेही ती सोयीची गोष्ट घरोघर पोचवली, हे सांगायला हवं. खून झाले, शूर अधिकारी आला, दुष्ट सापडला, फाइल बंद.

दुसरा लेखक इथेच थांबला असता. ग्रॅन तिसऱ्या भागात स्वतः पुस्तकात येतात आणि दप्तरखान्यात जाऊन बसतात. फोर्ट वर्थच्या सरकारी अभिलेखागारात त्यांना पालकांची नोंदवही मिळते. पालकाचं नाव, खाली त्याच्या ताब्यातल्या ओसेजांची नावं, आणि जो गेला त्याच्यापुढे ‘मृत’ एवढाच शब्द. हा शब्द इतक्या वेळा येतो की योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. अनेक मृत्यूंचा तपासच झाला नव्हता. हेल एकटा नव्हता. पालक, डॉक्टर, वकील, बँकवाले, सगळा गाव त्या पैशावर पोसला जात होता. मात्र एखाद्यावर संशय असला आणि पुरावा अपुरा असला, तर ग्रॅन तसं स्पष्ट लिहितात.

हे सोपं नाही. या लेखनप्रकाराचे थोरले मानकरी ट्रुमन कपोटी. ‘इन कोल्ड ब्लड’ शब्दन्‌शब्द खरं असल्याचं ते सांगत, आणि त्यातला अखेरचा दफनभूमीतला प्रसंग निघाला कल्पित. पुस्तक आजही उत्तम वाटतं, पण तो प्रसंग मी आता विश्वासाने वाचू शकत नाही. म्हणून अशी पुस्तकं हातात आली की मी शेवटच्या टिपा आधी चाळतो. लेखकाला हे कुठून कळलं, ते तिथे दिसतं.

ग्रॅन यांच्या पुस्तकावरचा मार्टिन स्कोर्सेसी यांचा २०२३ चा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तरीही पुस्तक जरूर वाचा, आणि हेल तुरुंगात गेला म्हणून मिटू नका. दप्तरखान्याचा तो भाग चित्रपटात नाही.